मॅरेथॉन झाली, आता दुडकीचा क्लब काढा

थंडी पडू लागली की गावोगावी मॅरेथॉनचे फलक लागतात. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, साताऱ्याच्या घाटातली अर्धमॅरेथॉन २०१२ साली. हे लोण आता तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचले आहे. मॅरेथॉन म्हणजे खरे तर ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. आपल्याकडे तीन किलोमीटर धावले तरी मॅरेथॉनच म्हणतात. पण म्हणू द्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. उपक्रम चांगला आहे. लोक घराबाहेर पडतात, पोरे खुशीत असतात, पुढारी मंडळी पांढरे बूट घालून झेंडा दाखवतात आणि कधी कधी शंभर पावले धावतातही.

माझी तक्रार सोमवारची आहे. सोमवारी मैदान रिकामे असते आणि दवाखाना भरलेला असतो. कुणाच्या पोटऱ्या आखडलेल्या, कुणाचा गुडघा सुजलेला, कुणी टाचेला हात लावू देत नाही. "डॉक्टर, काल धावलो," असे अभिमानाने सांगतात. त्याआधी कधी धावला होतात म्हणून विचारावे, तर उत्तर येते, मागच्या मॅरेथॉनला!

गावात दुसराही एक वर्ग आहे. तो मॅरेथॉन बघायलासुद्धा येत नाही. पन्नाशीच्या आसपास छातीत दुखले, मोठ्या शहरात नेऊन अँजिओप्लास्टी झाली, आणि घरी आल्यापासून हा माणूस काचेच्या भांड्यासारखा जपला जातो आहे. जिना चढू नका, भाजीची पिशवी उचलू नका, नातवाला कडेवर घेऊ नका. शहरातल्या डॉक्टरांनी कागदावर "रोज चाला" असे स्पष्ट लिहून दिलेले असते, पण तो कागद फाइलमध्ये आणि माणूस सोफ्यावर. सहा महिन्यांत वजन सहा किलोने वाढते, साखर वाढते आणि चेहऱ्यावर एक प्रकारची भीती कायमची बसते. आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी गाठतो, त्यामुळे हा वर्ग म्हाताऱ्यांचा नाही, कमावत्या माणसांचा आहे.

माझे मत असे, की धावण्याची गरज या दुसऱ्या वर्गाला अधिक आहे. मात्र ते धावणे वेगळे. त्याला मराठीत छान शब्द आहे, दुडकी चाल. आणि ती एकट्याने चालण्याची गोष्ट नव्हे, त्यासाठी सोबत लागते. हा विचार काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. त्याचा इतिहास साठ वर्षांहून जुना आहे आणि तो मुळापासून सांगण्यासारखा आहे.

१९५० च्या सुमारास हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला चार ते सहा आठवडे अंथरुणात सक्तीने झोपवून ठेवण्याची पद्धत होती. कूस बदलायलाही नर्स. हृदयाला जखम झाली आहे, ती भरेपर्यंत हलू नका, असा तर्क होता. ऐकायला योग्य वाटतो, पण त्या झोपेने पायात रक्ताच्या गुठळ्या होत, स्नायू वाळत आणि माणूस मनाने खचे तो वेगळाच. १९५२ साली अमेरिकेत लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी रोग्यांना पलंगावरून उठवून खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तर तेवढ्यावरूनही गहजब झाला. पुढच्याच वर्षी लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. (आपल्या एस.टी.च्या कंडक्टरला वरचा मजला नाही, हे त्याचे दुर्दैव.) १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला, तेव्हा त्यांचे डॉक्टर पॉल डडली व्हाइट यांनी व्यायामाचा उघड पुरस्कार केला. तरीही झटका येऊन गेलेल्या माणसाने धावावे असे कुणी म्हटले असते, तर त्या काळी त्याच्याच डोक्याची तपासणी केली असती.

ते म्हटले एका चांभारकाम करणाऱ्या गृहस्थाने. न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरातले आर्थर लिडियर्ड. जन्म १९१७. बुटांच्या कारखान्यात काम करायचे, काही काळ पहाटे दूध घालायचे. तरुणपणी रग्बी खेळत, आपण धडधाकट आहोत अशी समजूत. एकदा एका जाणत्या धावपटूबरोबर पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर, धावायला गेले आणि छाती फुटायची वेळ आली. तिशीच्या आत ही अवस्था, तर पन्नाशीत काय होईल, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी स्वतःवरच प्रयोग सुरू केले. कधी कमी, कधी जास्त, कधी आठवड्याला चारशे किलोमीटरपर्यंत. शेवटी ते या निष्कर्षाला आले, की धाप न लागता, पण पुष्कळ वेळ, असे धावणे सर्वांत गुणकारी. पुढे त्यांनी आसपासच्या पोरांना याच पद्धतीने तयार केले. वायटारुआच्या डोंगरातली ३५ किलोमीटरची फेरी दर रविवारी. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेल याने ८०० मीटरचे आणि मरे हालबर्ग याने ५००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले, तेही एकाच दिवशी. हालबर्गचा डावा हात रग्बीतल्या दुखापतीने कायमचा अधू झालेला होता. तिसरा शिष्य बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. सगळी पोरे एकाच शहराची.

इथपर्यंतची कथा खेळाच्या पानावर शोभेल. आरोग्याच्या पानावर ती येते ती यापुढे.

रोमनंतर लिडियर्ड यांना जागोजागी बोलण्यासाठी बोलावू लागले. समोर बसलेली मंडळी व्यापारी, साहेब, नोकरदार. पोट सुटलेली, काहींना झटका येऊन गेलेला. लिडियर्ड त्यांना सांगत, हृदय हाही स्नायूच आहे, त्याला हळूहळू काम वाढवत नेले तर तो बळकट होतो. माझ्या पोरांना जे लागू, तेच तुम्हाला, फक्त वेग कमी. यातल्याच कॉलिन काय नावाच्या गृहस्थांनी पुढाकार घेतला. ते स्वतः पूर्वीचे खेळाडू, आणि पुढे १९८० ते १९८३ ऑकलंडचे महापौर होते. १९६२ साली त्यांनी अशा मंडळींना एकत्र करून ऑकलंड जॉगर्स क्लब काढला. जगातला हा पहिला जॉगिंग क्लब मानला जातो. थोडे धावायचे, दम लागला की चालायचे, पुन्हा थोडे धावायचे. लिडियर्ड यांचे घोषवाक्य होते, सराव करा, ताण घेऊ नका. आणि कसोटी एकच, शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. बोलणे तुटले तर वेग जास्त झाला.

वाचकहो, या बोलण्याच्या कसोटीत फार मोठे शास्त्र आहे. माणूस सहज बोलू शकतो त्या वेगाला स्नायूंना लागणारा प्राणवायू पुरेसा मिळत असतो. त्यापुढे गेला की शरीर उधारीवर चालू लागते, आणि आजारी हृदयाला ती उधारी परवडत नाही. नियमित, बेताच्या व्यायामाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर टाकू लागते, म्हणून विश्रांतीच्या वेळची नाडी सावकाश होते. पूर्वी विहिरीवर मोट असे, ती मोठी असली की खेपा कमी पडत, तसेच हे. शिवाय रक्तदाब थोडा उतरतो, साखर स्नायूंत खर्च होते, झोप लागते. आजकाल मनगटावरचे घड्याळ नाडी मोजून दाखवते आणि पुष्कळ जण त्यावर विसंबतात. पण मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी गोळीमुळे फारशी वाढतच नाही. तिथे घड्याळ फसवते, बोलण्याची कसोटी फसवत नाही.

१९६२ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे धावण्याचे प्रशिक्षक बिल बॉवरमन आपला संघ घेऊन न्यूझीलंडला आले. वय ५१, मोठमोठे धावपटू घडवलेले. एका रविवारी लिडियर्ड यांनी त्यांना क्लबबरोबर धावायला नेले. तिथे बाया, पुरुष, मुले, म्हातारे सगळे जमलेले. आपल्याला काय अवघड, अशा समजुतीने बॉवरमन निघाले आणि पहिल्या चढालाच त्यांचा जीव घाबरा झाला. तेव्हा सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा, ज्याला झटके येऊन गेले होते, त्यांच्यासाठी मागे थांबला आणि गप्पा मारत त्यांच्याबरोबर धावला. बॉवरमन यांना उत्तर देण्याइतकाही श्वास नव्हता! जाणता प्रशिक्षक इतरांना धाववत होता, स्वतः मात्र नुसता उभा राहत होता. आम्हा डॉक्टरांना ही गोष्ट चांगली लागू पडते. रोग्याला "चाला" म्हणणाऱ्या किती डॉक्टरांची पोटे टेबलाला टेकलेली असतात, ते वाचकांनी पाहिलेच असेल.

परत गेल्यावर बॉवरमन यांनी १९६३ साली आपल्या युजीन गावात लोकांना बोलावले. प्रथम थोडेच आले. वर्तमानपत्रात बातमी आली आणि काही आठवड्यांत इतकी गर्दी लोटली की बॉवरमन यांना भीती वाटली, यातला कुणीतरी इथेच कोसळेल. त्यांनी सरळ लोकांना घरी पाठवले. मग डॉ. हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञांना सोबत घेतले, मध्यमवयीन माणसांच्या लहान गटावर टप्प्याटप्प्याने पद्धत तपासून पाहिली आणि दोघांनी मिळून १९६७ साली जॉगिंगवर पुस्तक काढले. त्याच्या लाखो प्रती खपल्या. अमेरिकेत जॉगिंगची लाट आली ती तिथून. (याच बॉवरमन यांनी एका शिष्याबरोबर १९६४ साली काढलेली बुटांची कंपनी पुढे नायकी झाली. बूट शिवणाऱ्या माणसापासून सुरू झालेली गोष्ट हजारो रुपयांच्या बुटांपर्यंत आली, हा काळाचा महिमा.)

गर्दी पाहून घरी पाठवणारे बॉवरमन मला या कथेत सर्वांत मोलाचे वाटतात. आपल्याकडे गर्दी हेच यश. किती हजार धावले हा आकडा छापून येतो. त्यातल्या किती जणांनी आधी इ.सी.जी. काढला होता, किती जण पुढच्या रविवारी धावले, हे कुणी विचारत नाही.

दुसऱ्या टोकाचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी एकांगी ठरेन. जिम फिक्स या अमेरिकन लेखकाने १९७७ साली धावण्यावर अतिशय गाजलेले पुस्तक लिहिले. तोच १९८४ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, धावताना रस्त्यात कोसळून गेला. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या जागोजागी चोंदलेल्या आढळल्या. त्याचे वडील ४३ व्या वर्षी झटक्याने गेले होते. "बघा, धावणारेच मरतात," असे म्हणत तेव्हा बैठे लोक खूश झाले होते. पण फिक्स पूर्वी भरपूर सिगारेट ओढत होता, वजनदार होता. धावणे हे विमा उतरवल्यासारखे नाही. जुना रोग आत असेल तर तो धावल्याने पुसला जात नाही, म्हणून आधी तपासणी. घराण्यात लहान वयात झटक्याचा इतिहास असेल तर नक्कीच.

आता आपल्या गावाकडे येऊ. मैदानावर पहाटे पोलीस भरतीची पोरे १६०० मीटरची तयारी करताना दिसतात, पोरी ८०० मीटरची. त्यांच्या वेगाकडे पाहून पन्नाशीचा माणूस फाटकातूनच परत फिरतो. रस्त्यावर एकटा धावू लागला तर ओळखीचा माणूस गाडी थांबवून विचारतो, "काय साहेब, कुठे आग लागली?" शिवाय कुत्री मागे लागतात. बायकांची अडचण याहून मोठी. पाच वाजता एकटी बाई धावताना दिसली की तिच्या सासरी निरोप जायला वेळ लागत नाही. या सगळ्यावर एकच उपाय, तो म्हणजे दहा-बारा जणांचा गट. गटाला कुणी हसत नाही आणि गटाच्या वाटेला कुत्रीही सहसा जात नाहीत.

हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांनी हास्यक्लब आठवावेत. १९९५ साली मुंबईत अंधेरीच्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसे घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. डॉक्टरच होते, एम.बी.बी.एस. चारचौघांत हात वर करून खो-खो हसणे हे हळू धावण्यापेक्षा कितीतरी लाजेचे काम, तरी आज गावोगावी ज्येष्ठ नागरिक ते करतात. मग दुडकीचा क्लब का नाही?

नगरपालिकेला माझी एक विनंती आहे. मॅरेथॉनच्या फलकांवर आणि पदकांवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग मैदानावर करा. फाटक पहाटे पाचला उघडे हवे, दोन दिवे चालू हवेत, कडेच्या फुटक्या बाटल्या उचललेल्या हव्यात आणि पिण्याच्या पाण्याचा एक नळ हवा. यापेक्षा जास्त काही लागत नाही. ऑकलंडच्या क्लबची सुरुवातही साध्या रस्त्यांवर आणि बागेत झाली. आधी क्लब रुळला, त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९७२ साली, तिथे समुद्रकाठाने सर्वांनी मिळून धावण्याचा वार्षिक कार्यक्रम सुरू झाला. आपण उलटे केले, आधी वार्षिक कार्यक्रम केला आणि क्लब करायचा विसरलो.

माझ्या डॉक्टर मित्रांनाही सांगायचे आहे. "व्यायाम करा" हे वाक्य रोग्याच्या एका कानातून दुसऱ्या कानात जाते. "रविवारी सहा वाजता मैदानावर या, आम्ही आहोत" हे वाक्य जात नाही. आठवड्यातून एक दिवस आपल्यापैकी कुणीतरी तिथे रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेऊन बसायला काय हरकत आहे? धावायला आला तर उत्तमच.

कुणी येऊ नये तेही सांगतो. झटका येऊन किंवा ऑपरेशन होऊन थोडेच आठवडे झालेले, बसल्या जागी छातीत दुखणारे, पायावर सूज आणि दम असणारे, हृदयाची झडप अरुंद असलेले, रक्तदाब ताब्यात नसलेले. यांनी आधी आपल्या तज्ज्ञ डॉक्टरांची परवानगी घ्यावी. अँजिओप्लास्टी झालेल्यांनी इ.सी.जी., इको आणि डॉक्टर सांगतील तर स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी, आणि पहिला महिना नुसते चालावे. वजन जास्त असेल किंवा गुडघे दुखत असतील त्यांनी चालण्यावरच राहावे. क्लबात चालणारेही क्लबाचेच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी येऊ नये, खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि घरी गेल्यावर तळपाय पाहावेत. ताप, सर्दी असेल त्या दिवशी सुट्टी. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत घरी.

धावताना छाती आवळल्यासारखी वाटली, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबायचे. "फेरी पुरी करतो" म्हणायचे नाही. गॅस झाला म्हणून सोडा प्यायला जायचे नाही. सोबतच्याने रिक्षा किंवा गाडी बोलवायची आणि दवाखाना गाठायचा. सोबत हवी ती यासाठीही.

सुरुवात अशी करावी. फाटकापाशी जमल्यावर पाच मिनिटे चालायचे. मग एक मिनिट दुडकी, दोन मिनिटे चाल, असे पाच वेळा. शेवटी पुन्हा पाच मिनिटे चालायचे. एकूण २५ मिनिटे झाली. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. दोन आठवड्यांनी दुडकीचे एक मिनिट दीड करायचे. गटातला सर्वांत सावकाश माणूस पुढे ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे राहायचे. कॅनव्हासचे साधे बूट चालतील, मात्र मापाचे असावेत, मुलाचे जुने नकोत. बायकांनी पंजाबी ड्रेसवर ओढणी गाठ मारून घ्यावी, नऊवारीत धावायची सवय असेल तर तीही चालेल. आणि धावताना गावातल्या राजकारणावर बोलायला हरकत नाही, फक्त त्यात आवाज चढू देऊ नये.